आठ सिलिंडरच्या गाडीचं ॲव्हरेज सारखं पडतंय? आधी बॅटरीचं टर्मिनल कोण काढतंय ते बघा

शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेल्या एका मालकांनी चार वर्षांपूर्वी सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. दोन सीटा, आठ सिलिंडर, चार लिटरच्या वरचं इंजिन आणि तेही सीटच्या पाठीमागं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता. गेल्या वर्षी ही गाडी एकाच तक्रारीसाठी चार वेळा माझ्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गॅरेजात आली.

"मिस्त्री, साडेसहा देणारी गाडी सव्वाचारवर आलीया. तुम्ही काम केलं की पंधरा दिवस बरी चालती, पुन्हा तेच. बघा की जरा नीट."

पहिल्या तीन वेळा मी जे केलं ते बहुतेक गॅरेजात करतात. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी धुतली. आठ प्लग, तेही इरिडियमचे, आणि पाठीमागच्या इंजिनला हात पोचवायचा म्हणजे निम्मा दिवस खोलण्यातच जातो. मालकांचे पैसे गेले आणि दुखणं तिथंच राहिलं. याचं मला फार वाईट वाटलं. चौथ्या वेळी ठरवलं की आता पाना नंतर, आधी वही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात अशा गाड्या वाढल्यात आणि हीच तक्रार मी आणखी तिघांकडून ऐकली आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवात ॲव्हरेज मोजण्यापासून. मालक डॅशबोर्डवरचा आकडा बघत होते. त्यावर कधी ५.८, कधी ७, तर कधी ३.९ दिसायचं. मी त्यांना टाकी फुल ते टाकी फुल मोजायला लावलं. पंप तोच, शक्य असेल तर नोझलही तेच, आणि ऑटो कट झाला की थांबायचं, वर गोल आकडा करायला पेट्रोल टाकायचं नाही. गाडीतलं किलोमीटर आणि बिलावरचे लिटर, एवढंच वहीत. तीन टाक्यांची सरासरी आली ४.२. म्हणजे तक्रार खरी होती.

पण खरी म्हणजे नेमकी किती, हेही ठरवायला हवं. अशा गाडीकडून बाराची अपेक्षा धरली तर आयुष्यभर गॅरेजच्या फेऱ्या माराव्या लागतील. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेच्या चाचणीत शहर आणि हायवे मिळून लॅम्बोर्गिनी ह्युराकानचा आकडा लिटरला साडेसहा-पावणेसातच्या घरात येतो. बुगाटी शिरॉनचा पावणेपाचच्या आसपास. पोर्शे ९११ करेरा त्या मानानं शहाणी, साडेआठच्या जवळ. बुगाटी वेरॉन तर पूर्ण वेगात, ताशी ४०० किलोमीटरच्या पुढं पळवली तर शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत संपवते, कारण वेग दुप्पट झाला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते.

पण आपल्या गाड्या त्या वेगानं मरत नाहीत, हळू चालण्यानं मरतात. मोठ्या इंजिनाला रंकाळ्याच्या कडेनं ताशी तीस किलोमीटरनं चालवणं म्हणजे गुऱ्हाळावर पूर्ण ताकदीचा चरक फिरवत ठेवून त्यात उसाचं एकच कांडं सोडण्यासारखं आहे. थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जेमतेम उघडी असते, त्या फटीतून आठ सिलिंडर हवा ओढत राहतात, आणि त्या ओढण्यातच बरीच ताकद जाते. त्यामुळं शहरात पाच, हायवेवर आठ, मिळून सहा-साडेसहा हे या गाडीसाठी निरोगी आकडे आहेत. सव्वाचार हा आजाराचा आकडा.

चौथ्या वेळी स्कॅनर लावला तेव्हा जे पहिल्या तीन वेळाही समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं, ते दिसलं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं (ईसीयू) अनुभवानं इंधन किती टक्के वाढवलं किंवा घटवलं तो आकडा, दोन्ही बँकांना (सिलिंडरच्या दोन्ही ओळींना) शून्य टक्के. आधी मी ते बघून म्हणत होतो, वा, मिश्रण अगदी बरोबर आहे. पण विचार करा. गाडी जुनी, परदेशात शुद्ध पेट्रोलवर ट्यून झालेली. टाकीत आपलं आजचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला एका भागास फक्त नऊ. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ओ-टू सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू हळूहळू इंधन वाढवत जातो. हे वाढवणं ट्रिममध्ये अधिक पाच, सात असं दिसायलाच हवं. तिथं स्वच्छ शून्य असेल तर त्याचा अर्थ मिश्रण बरोबर आहे असा होत नाही. ईसीयूची पाटी नुकतीच कुणीतरी पुसली आहे, असा होतो.

मग रेडिनेस मॉनिटर बघितले, म्हणजे गाडीनं स्वतःच्या कुठल्या तपासण्या पुऱ्या केल्यात त्याची यादी. कॅटॅलिस्ट, ओ-टू सेन्सर, सगळे 'अपूर्ण'. गाडी स्वतःची तपासणी पुरी करायच्या आतच दर वेळी तिची स्मृती जात होती.

ड्रायव्हरला चहा दिला आणि शेजारी बसवून विचारलं. पोरगा प्रामाणिक आहे, लगेच सांगितलं. बॅटरी आठ दिवसांत बसायची. म्हणून मालक बाहेरगावी गेले की तो टर्मिनल काढून ठेवायचा आणि ते यायच्या आदल्या दिवशी लावायचा. मालक गावात असले की एक दिवसाआड सकाळी शेडमध्येच वीस मिनिटं गाडी चालू ठेवायचा, "बॅटरी चार्ज व्हावी म्हणून." त्यानं काळजीनंच केलं होतं सगळं.

आता वहीतला हिशेब. गाडी महिन्याला साधारण दोनशे किलोमीटर चालते. साडेसहाच्या हिशेबानं ३१ लिटर लागायला हवं. हे इंजिन उभ्या जागी एसी बंद ठेवून तासाला तीन लिटरच्या आसपास खातं, म्हणजे वीस मिनिटांना एक लिटर. महिन्यात बारा वेळा चालू ठेवलं तर बारा लिटर, आणि किलोमीटर शून्य. ३१ आणि १२ मिळून ४३. दोनशे भागिले ४३ म्हणजे ४.६. साडेसहावरून ४.६ पर्यंतची पडझड इंजिनात काहीही बिघाड नसताना झाली होती! गॅरेजवरून गाडी गेली की पंधरा दिवस बरी का वाटायची, तेही कळलं. माझ्याकडं असताना मी बॅटरी चार्जरला लावून पूर्ण भरायचो, त्यामुळं पुढचे काही दिवस ड्रायव्हरला गाडी चालू ठेवायची गरज पडत नसे.

बॅटरी आठ दिवसांत का बसते हा पुढचा प्रश्न. नवी होती, ७० एएचची (अँपिअर-तासांची). अशा गाडीत सगळं झोपल्यावर ५० मिलीअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो, अलार्म आणि चावीचा रिसीव्हर जागे असतात. तेवढ्यावर दिवसाला १.२ एएच जातं, महिनाभर उभी राहिली तर निम्मी बॅटरी. आठ दिवसांत बसायचं काही कारण नाही.

मोजताना एक चूक सगळेच करतात. बॉनेट उघडतात, मीटर लावतात, दोन अँपिअर दिसतात आणि 'वायरिंगमध्ये शॉर्ट आहे' म्हणून मोकळे होतात. या गाड्यांचे कंट्रोल युनिट झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात. बॉनेटच्या लॉकला स्क्रू ड्रायव्हरनं बंद करून गाडीला वाटू द्यायचं की बॉनेट बंद आहे, मग गाडी लॉक करायची, चावी लांब ठेवायची आणि खरोखर पाऊण तास थांबायचं. आम्ही थांबलो. मीटर ३५० मिलीअँपिअरवर स्थिर झाला. तासाला ०.३५, दिवसाला ८.४ एएच. सत्तर भागिले साडेआठ, आठवा दिवस. ड्रायव्हर म्हणत होता तेच.

फ्यूज एकेक ओढून बघायचे नाहीत, ओढला की झोपलेली युनिटं पुन्हा जागी होतात आणि पुन्हा पाऊण तास. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे टोक असतात, त्यावर मिलीव्होल्टमध्ये मीटरचे टोक टेकवायचे. करंट जात असेल तर मिलीव्होल्टचा अंश दिसतो, नसेल तर शून्य. सतराव्या फ्यूजवर आकडा हलला. त्या फ्यूजच्या पायाला कुणीतरी बारीक काळी वायर गुंडाळून दाबली होती. ती पकडून ए-पिलरच्या (पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाच्या) पट्टीखालून वर गेलो तर आरशामागच्या डॅशकॅमला पोचलो. कायम चालू असलेल्या फ्यूजवर जोडल्यामुळं तो गाडी बंद असतानाही रात्रंदिवस रेकॉर्डिंग करत होता. वायर इग्निशनच्या फ्यूजवर घेतली, आकडा ३८ मिलीअँपिअरवर आला. खर्च, एक फ्यूज टॅप.

इथं थांबलो असतो तर पुन्हा अर्धंच काम झालं असतं. हिशेबात ४.६ येत होतं, वहीत ४.२ होतं. मधलं कुठं जातंय?

टर्मिनल आता कुणी काढणार नाही हे पक्कं करून गाडी पन्हाळ्याला नेली, स्कॅनर लावूनच. पहाटेची वेळ होती, वाघबीळच्या पुढं धुकं होतं. या रस्त्याबद्दल एक लक्षात ठेवा. कोल्हापूर ते पन्हाळा उंचीचा फरक साधारण चारशे मीटर आहे. सोळाशे किलोची गाडी तेवढी उचलायची म्हणजे फक्त चढासाठी पाऊण लिटरच्या वर पेट्रोल जातं. म्हणून नुसतं जातानाचं ॲव्हरेज धरू नका, परत येऊनच मोजा. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंदच होतात, एक थेंब जात नाही. न्यूट्रल करून उतरलात तर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं, आणि ब्रेकही तापतात.

चढताना कूलंटचं तापमान ८४ पर्यंत गेलं. बरं वाटलं. वर पाच मिनिटं थांबून उतरायला लागलो आणि आकडा घसरू लागला. ८०, ७५, ६९. घाट संपताना ६१. मालक शेजारी बसले होते. ते म्हणाले, "इंजिन थंड ऱ्हातंय ते चांगलंच की हो."

मालक, चांगलं नाही ते. थर्मोस्टॅट धड असेल तर तो उतारावर मिटतो, रेडिएटरकडं जाणारी वाट बंद करतो आणि इंजिन आपली ऊब धरून ठेवतं. उतारावर तापमान असं घसरत गेलं म्हणजे तो मिटत नाही. आणि इंजिन सत्तरच्या खाली राहिलं की ईसीयूला वाटतं, गाडी अजून गरम होतेय, म्हणून जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइल दाट राहतं, तेही ताकद खातं. डॅशबोर्डच्या काट्यावर यात भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही, लोकांनी उगाच घाबरू नये म्हणून तसाच बनवलेला असतो.

यासाठी पी ०१२८ हा, इंजिन पुरेसं गरम होत नाही असं सांगणारा कोड यायला हवा होता. तो का नव्हता? कारण तो टाकायच्या आधी गाडीला काही काळ सलग चालून खात्री करावी लागते. ही गाडी ताराबाई पार्कातून निघून सहा-सात किलोमीटरवर थांबायची, आणि जे काही शिकली असेल ते टर्मिनल काढलं की पुसलं जायचं. आजार होता, पुरावा दर वेळी धुतला जात होता.

थर्मोस्टॅट काढला. जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात (घरातलं चहाचं घेऊ नका, कूलंट विषारी असतं) थंड पाणी घेतलं आणि तो तारेनं टांगला, तळाला टेकू न देता. खरं तर गॅस पेटवायचीही गरज नव्हती. थंडच असताना उजेडाकडं धरला तर झडपेच्या कडेनं नखाएवढी चंद्रकोर दिसत होती. झडपेखाली गॅस्केटच्या सिलिकॉनचा कडक झालेला तुकडा अडकला होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. आमच्या आधी कुणीतरी वॉटर पंपाचं काम करताना हात सैल सोडून सिलिकॉन लावलं होतं, त्याचा बाहेर आलेला भाग सुटून वाहत तिथं बसला. तुकडा काढून पुन्हा टांगला, पाणी तापवलं, ८५ च्या सुमाराला झडप उघडायला लागली. म्हणजे तो चालला असता, तरी मी नवीन टाकला. एवढं खोलल्यावर जुना परत बसवणं मला पटत नाही.

बाकी दोन गोष्टी लहान होत्या. पावसाळाभर उभी राहिल्यानं मागचा डावा ब्रेक किंचित धरत होता. दहा किलोमीटर ब्रेक न मारता चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघितलं तर डावी डिस्क उजवीपेक्षा पन्नास अंश गरम. कॅलिपर साफ केला. हवा चारही चाकांत पाच-सहा पीएसआय कमी होती. दोन्ही मिळून फरक थोडा, पण असतो.

इथेनॉलचं मात्र गॅरेजात औषध नाही. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलाय. साडेसहावर ते ०.४ होतं. मालकांना आधीच सांगून ठेवलं की पूर्वीचं सात विसरा. दुसरं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा, म्हणजे आत हवेला जागा कमी राहते. आणि टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा. ९८ ऑक्टेन लिहिलं असेल आणि साधं पेट्रोल भरलं तर इंजिनातली ठोक ओळखणाऱ्या नॉक सेन्सरमुळं ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं जातं, ताकद कमी, पाय जास्त.

पेट्रोल स्वस्त म्हणून कोगनोळीच्या पुढं, कर्नाटकात जाऊन टाकी भरणारेही आहेत. मोटरसायकलवाल्या कागलकरांना ते परवडतं. या गाडीचा हिशेब करा. कोल्हापूरहून जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, सहाच्या ॲव्हरेजनं आठ लिटरच्या वर, म्हणजे साडेआठशे-पावणेनऊशे रुपये. लिटरमागं तीन रुपये वाचले असं धरलं तरी सत्तर लिटरच्या टाकीला वाचले २१०.

मालकांनी त्याच वहीत मग वर्षाचा सगळाच खर्च लिहून काढला, आणि तो बघून मलाही नव्यानं समजलं. वर्षाला अडीच हजार किलोमीटर, सहाच्या ॲव्हरेजनं ४२० लिटर, लिटर १०५ रुपये धरून ४४ हजार. गेल्या खेपेला घेतलेला चार टायरांचा सेट तीन लाखांच्या आसपास पडला होता. टायर झिजून कधीच संपणार नाहीत, वयानं संपतील, सहा वर्षांनी. म्हणजे वर्षाला पन्नास हजार. पेट्रोलपेक्षा टायर महाग, आणि तेही गाडी उभी असताना! इन्शुरन्स या दोन्हींच्या बेरजेहून जास्त. त्यात ऑइल, ब्रेक फ्लुइड, गिअरबॉक्सचं ऑइल. ॲव्हरेज सव्वाचारवरून सहावर आणलं तर वर्षाला अठरा-एकोणीस हजार वाचतात. मी वाचवले याचा मला आनंद आहे, पण खरी काळजी त्या पैशांची नव्हती. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेतं तेव्हा ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता. असंच आणखी दोन वर्षं चाललं असतं तर पेट्रोलच्या बिलाचा विषयच राहिला नसता.

कमी चालणारी गाडी जपणं आपल्या गावाला नवीन नाही. राजाराम महाराजांची मेबॅक मोटार दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा तिला बघायला रस्ता भरतो. पण जपणं म्हणजे शेडमध्ये चालू करून उभी करणं नव्हे. ड्रायव्हरला मी सांगितलं ते असं: टर्मिनलला हात लावायचा नाही. शेडमध्ये भिंतीवर बॅटरी मेंटेनर बसवून दिलाय, गाडी आत आली की त्याची पिन लावायची, बाहेर काढताना काढायची. आणि दहा दिवसांतून एकदा पूर्ण गरम होईल अशी फेरी, निदान तीस-पस्तीस किलोमीटर. सहापदरीकरणाच्या कामामुळं हायवेला सध्या धूळ आणि वळसे आहेत, म्हणून आम्ही पन्हाळ्याचीच फेरी ठेवली.

तुमच्या गाडीचं असंच होत असेल तर मिस्त्रीकडं गेल्यावर पार्ट बदलायच्या आधी त्याला फ्युएल ट्रिम आणि रेडिनेस मॉनिटर दाखवायला सांगा. ट्रिम शून्य आणि मॉनिटर अपूर्ण दिसले तर खोलाखोल थांबवा, शंभर-दीडशे किलोमीटर चालवा, टर्मिनल न काढता, आणि मग पुन्हा स्कॅन करा.

काम करून चार महिने झाले. दर टाकीचा आकडा मालक मला फोनवर सांगतात: ५.९, ६.१, ६.२, ६.०. लाँग टर्म ट्रिम अधिक सहा आणि अधिक सात, दोन्ही बँकांना. उतारावर तापमान ८६ च्या खाली येत नाही. मागच्या टायरांवरचा चार आकडी शिक्का बघितला, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पाच वर्षं पुरी झालीत, बाजूच्या रबराला केसाएवढ्या भेगा दिसू लागल्यात. नव्या टायरांचे भाव काढायला सांगितलेत.